समास सोडून लिहावे : शिवथरघळीपासून चिकटवहीपर्यंत

१/
महाडहून बिरवाडीच्या वाटेने निघाले की औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची धुराडी हळूहळू मागे पडतात आणि रस्ता सह्याद्रीच्या कुशीत, शिवथरच्या खोऱ्यात शिरतो. खोऱ्याच्या टोकाशी एक प्रशस्त घळ आहे. पावसाळ्यात तिच्या तोंडावर धबधब्याचा पडदा असतो आणि आतल्या कातळालाही पाझर फुटतो. समर्थ रामदासांचा (१६०८–१६८१) दासबोध येथे आकाराला आला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, हे चित्र मराठी मनात पक्के रुजले आहे. मात्र याच ग्रंथात वहीसाठी कागद, कात्री, खळ, रंग आणि मेणकापड कसे जमवावे, याचाही एक पाठ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा धागा त्या पाठाचा आणि त्यातून पुढे आलेल्या एका घरगुती छंदाचा आहे.

२/
दासबोधाचे वीस दशक आहेत आणि प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख येतो. तो हिशोब इ. स. १६५९ च्या आसपास जुळतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास म्हणजे 'लेखनक्रियानिरूपण'. वीसएक ओव्यांच्या या छोट्या प्रकरणात ब्रह्म नाही, माया नाही, मोक्षही नाही. आहे ती केवळ अक्षराची आणि कागदाची शिस्त. येथे भाषेचा एक सुंदर योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. 'समास' म्हणजे दासबोधातले प्रकरण, आणि 'समास' म्हणजे पानाच्या कडेला सोडलेली कोरी जागाही. या दुसऱ्या समासाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

३/
समर्थ प्रथम अक्षराविषयी सांगतात. ते वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी असाव्यात. ओळीला ओळ भिडू नये. पानावर आधी शिशाने रेघा आखून घ्याव्यात, म्हणजे ओळींतले अंतर कमीजास्त होत नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. पुढची सूचना तर फार जिव्हाळ्याची आहे. तरुणपणी नजर तीक्ष्ण असते म्हणून फार बारीक लिहू नये, कारण तेच लिखाण म्हातारपणी वाचता येत नाही. अक्षर मध्यम असावे. वही करणारा हात आणि ती पुढे वाचणारे डोळे एकाच माणसाचे असू शकतात, हे या सूचनेमागचे गृहीत आहे. अशी वही माणूस स्वतःच्या उतारवयासाठी करून ठेवतो.

४/
त्यानंतर येतो समास, म्हणजे कोरी कड. चहूबाजूंनी जागा सोडावी आणि मधोमध लिहावे, असे समर्थ सांगतात. कारणही देतात : कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये. हाताळणी, दमट हवा, कसर आणि वाळवी यांचा पहिला घाव नेहमी कडेवर पडतो. कोऱ्या कडेने तो झेलायचा आणि मधला मजकूर वाचवायचा, अशी ही योजना आहे. कोकणच्या पावसात, पाझरणाऱ्या कातळाशेजारी कागद सांभाळावा लागला, तर माणसाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. आजचे अभिलेखागारांतील तज्ज्ञही जुनी पाने हाताळताना प्रथम कडांकडेच पाहतात.

५/
मग साहित्याची यादी सुरू होते आणि ती वाचताना कोणाही कागदकला करणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. मजबूत कागद आणावा. सुऱ्या, कातऱ्या, खळ आणि घोटण्याचे साधन जवळ असावे. देशोदेशींचे बोरू आणावेत आणि त्यांतले घट्ट, बारीक, सरळ तेवढे निवडावेत. रेघा आखण्याची साधने, लाल रंगासाठी हिंगूळ आणि अळिता, वाळवून ठेवलेली शाई यांचा संग्रह असावा. ग्रंथाच्या समाप्तीची ओळ चमकदार वर्खाने सजवावी. पोथीच्या फळ्या घोटून त्यांवर चित्रे काढावीत. बांधायला गोफ, गुंडाळायला बासन, ओलीपासून राखायला शेंदरी मेणकापड आणि शेवटी कुलूप असलेली पेटी. साडेतीनशे वर्षांनंतर छंद म्हणून वह्या सजवणाऱ्या मुलीच्या खणात याहून फारसे वेगळे काही सापडत नाही.

६/
या यादीतले दोन शब्द समजून घेण्यासारखे आहेत : खळ आणि घोटणे. त्या काळचा कागद हाताने होत असे. महाराष्ट्रात जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानचे कागजीपुरा हे गाव तर नावातच आपला धंदा सांगते. चिंध्या, जुने दोर, तागाची गोणपाटे चुन्यात भिजवून कुटत. तो लगदा पाण्यात ढवळून गवताच्या बारीक चिकावर उचलत आणि पाने वाळवत. असा नुसता कागद शाई शोषतो आणि अक्षर फुटते. म्हणून त्यावर पिठाची पातळ खळ फिरवायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून त्याला तकाकी आणायची. कागद बनवणारे कागदी बहुतांशी मुसलमान कारागीर होते. रामनामाच्या पोथ्याही त्यांच्याच हातच्या कागदावर उतरत. मराठी ग्रंथवैभवाचा हा अर्धा वाटा सहसा सांगितला जात नाही.

७/
लेखनात चूक झाली तर काय करीत? त्यासाठी हरताळ हे पिवळे खनिज असे. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप दिला की ते झाकले जाई आणि वर नवे अक्षर लिहिता येई. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार याच बैठकीवरून उठून आला आहे. एखाद्या गोष्टीवर हरताळ फासला म्हणजे ती पुसून टाकली. शाळेच्या दप्तरातील पांढऱ्या शाईच्या बाटलीचा हा थेट पूर्वज होय. जुन्या पोथीत मध्येच पिवळा डाग दिसला तर तो काळाचा डाग असेलच असे नाही. तेथे बसलेल्या माणसाने क्षणभर थांबून स्वतःची चूक दुरुस्त केल्याची ती खूणही असते.

८/
एवढी निगुती कशासाठी? त्या काळी महाराष्ट्रात छापखाना नव्हता. ग्रंथ हवा असेल तर तो उतरून घ्यावा लागे. पैसे देऊन लेखकाकडून उतरवून घेता येई, परंतु स्वतःच्या हाताने उतरलेल्या ग्रंथाची गोडी निराळी होती. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात वाल्मीकि रामायणाची एक हस्तलिखित प्रत आहे आणि ती समर्थांच्याच हस्ताक्षरातील मानली जाते. हजारो श्लोक एकेक अक्षर करून लिहिण्यात महिनोन्‌महिने जातात. तेवढा काळ मन एका जागी राहते. सुंदर अक्षर पाहताच जाणत्यांना समाधान वाटते, असे लेखनक्रियेच्या आरंभीच म्हटले आहे. पाहणाऱ्याला मिळणारे ते समाधान लिहिणाऱ्याच्या वाट्याला आधी आलेले असते.

९/
ग्रंथाच्या प्रतीखेरीज आणखी एक प्रकार मराठी घरांत होता. त्याचे नाव बाड. कागद शिवून केलेली ही खासगी वही असे आणि तिच्यात ज्याला जे भावले ते उतरवले जाई. एका पानावर अभंग, दुसऱ्यावर आरती, तिसऱ्यावर भूपाळी. मध्येच पोटदुखीवरचे औषध, एखादा मुहूर्त, कोणाचे तरी येणे, चार कोडी. अनुक्रम नाही आणि विषयाची शिस्तही नाही. बाड करणाऱ्याच्या आवडीनिवडी हीच त्याची अनुक्रमणिका. युरोपातही विद्यार्थी आणि गृहस्थ अशाच वह्या राखीत आणि वाचलेले उतारे त्यांत टिपून ठेवीत. चिकटवण्याचे युग यायचे होते, तरी वेचून, सजवून, बांधून जवळ ठेवण्याची ओढ तीच होती.

१०/
या वह्यांनी काय दिले, हे वेणाबाईंच्या चरित्रावरून उमगते. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या काळी अशा मुलीपुढे स्वयंपाकघर, उपास आणि लोकांच्या नजरा यांपलीकडे फारसे आयुष्य उरत नसे. त्यांच्या हाती ग्रंथ आला. तुळशीपाशी भागवत वाचत बसलेल्या वेणाबाईंची आणि समर्थांची भेट झाली, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी 'सीतास्वयंवर' रचले, मिरजेचा मठ सांभाळला आणि १६७८ मध्ये सज्जनगडावर देह ठेवला. स्वतःच्या लग्नाचा अर्थ कळण्यापूर्वीच ते संपलेल्या स्त्रीने सीतेच्या लग्नाचा सोहळा ओवी ओवीने मांडावा, यातले दुःख आणि सांत्वन दोन्ही कागदावर उतरले आहेत.

११/
अशी बाडे बहुधा माळ्यावर जात आणि तेथून रद्दीत. ती वाचली ती काही झपाटलेल्या माणसांमुळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडून दप्तरे मिळवीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा करीत. १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेचे ते प्रवर्तक होते. १९३५ मध्ये धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले ते या संग्रहासाठी. विस्मृतीत गेलेली शिवथरघळही १९३० साली देवांनीच शोधून प्रकाशात आणली. म्हणजे दासबोधाची जागा पुन्हा सापडली, तीही जुने कागद वाचण्याच्या नादातून.

१२/
दरम्यान छापखाना आला होता. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले आणि मराठी घरात वृत्तपत्र नावाची नवी वस्तू आली. वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी त्यात वाणसामान बांधले जाते. म्हणून ज्याला त्यातले काही राखायचे होते त्याने कात्री उचलली. 'कात्रण' हा शब्द शिंप्याच्या दुकानातून वाचकाच्या टेबलावर आला तो असा. पूर्वी आवडलेला मजकूर बोरूने उतरवून घ्यावा लागे. आता तो कापून, खळ लावून वहीत बसवता येऊ लागला. बाडाची कात्रणवही झाली. लहान मुलांच्या तोंडी तीच पुढे चिकटवही ठरली.

१३/
हा छंद तेव्हा साऱ्या जगाला लागला होता. इंग्लंड-अमेरिकेत रंगीत छापील चित्रांच्या तुकड्यांनी सजवलेल्या वह्या दिवाणखान्यात मांडून ठेवीत. प्रसिद्ध विनोदकार मार्क ट्वेन यांना गोंदाची बाटली आणि बरबटलेली बोटे यांचा इतका कंटाळा आला, की त्यांनी पानांवर आधीच गोंद लावलेली चिकटवही तयार केली आणि १८७३ मध्ये तिचे पेटंट घेतले. पान ओले करायचे आणि कात्रण दाबून बसवायचे. त्यांच्या नावावर जमा झालेल्या पुस्तकांत शब्दही नसलेले हे एक पुस्तक चांगलेच खपले.

१४/
महाराष्ट्रात या छंदाने आपले रूप घेतले. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा शिळाछाप कारखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. त्या चित्रांतील देवींना खऱ्या कापडाची साडी, जर, टिकल्या आणि मणी चिकटवून नटवण्याची कला घरच्या बायकांच्या हातात होती. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, आणि दिवाळीनंतर अंकातली चित्रे वहीत जाऊ लागली. पुढे लग्नपत्रिकेवरचा गणपती, काडेपेटीवरचे छाप, टपालाची तिकिटे, चॉकलेटची चांदी यांनी वह्या फुगत गेल्या. चिकटवण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ घरीच शिजे. बांधणी करणारे तिच्यात चिमूटभर मोरचूद घालीत, म्हणजे कसर लागत नसे. समर्थांच्या यादीतली खळ अशी विसाव्या शतकातही चुलीवर होती.

१५/
येथवरची कथा गोड आहे, परंतु ती अपुरी आहे. लेखनक्रियानिरूपणाची पहिलीच ओवी सुंदर अक्षर काढण्याचा उपदेश करते तो ब्राह्मणाला उद्देशून. त्या काळी लिहिणे हे ठरावीक जातींचे काम होते, आणि ओवी त्याच व्यवस्थेत उभी आहे. वही करायला कागद लागतो, कात्री लागते, खळ लागते. त्याआधी अक्षर लागते. ज्यांना अक्षरच मिळू दिले नाही त्यांच्या घरी बाड कोठून असणार? त्यांची गाणी, औषधे, कोडी, दुःखे तोंडातोंडी राहिली आणि माणसे गेली की त्यांच्याबरोबर गेली. महाडच्या मातीत या प्रश्नाला उत्तर देणारी माणसेही जन्मली.

१६/
गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दासगावी राहिले आणि १८८८ च्या सुमारास त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेच्या आधारांनाच प्रश्न विचारले. त्याच दासगाव परिसरात रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–१९७२) शिकले. लाडवली हे त्यांचे जन्मगाव. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा अकराएक वर्षांच्या त्या मुलाने तक्रारीचे पत्र लिहिले. ते वृत्तपत्रात छापून आले आणि शाळेचे दार उघडले, तरीही त्याला इतरांपासून दूर बसावे लागले. एका लहान मुलाने लिहिलेला एक कागद काय करू शकतो, याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागेल.

१७/
हेच मोरे पुढे महाडच्या परिषदेच्या संघटकांपैकी एक झाले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या तालुक्यात ग्रंथ मेणकापडात गुंडाळून जपावा असे सांगितले गेले, त्याच तालुक्यात एक ग्रंथ विचारपूर्वक अग्नीच्या स्वाधीन झाला. शूद्र आणि स्त्रियांना विद्येपासून दूर ठेवणाऱ्या नियमांचा तो निषेध होता. कागद जपणे आणि कागद जाळणे या दोन्ही कृतींत कागदाची ताकद मान्य केलेली असते.

१८/
या चळवळीलाही कात्रणे जपणारा माणूस भेटला. चांगदेव भवानराव खैरमोडे (१९०४–१९७१) हे सातारा जिल्ह्यातले. विद्यार्थिदशेतच, १९२३ च्या सुमारास, त्यांनी बाबासाहेबांविषयीचे जे मिळेल ते जमवायला सुरुवात केली : पत्रे, पत्रके, भाषणांची टिपणे, वृत्तपत्रांतील मजकूर. नोकरी सांभाळून हा संग्रह वाढत राहिला. त्या आधारावर लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला. खैरमोड्यांच्या निधनानंतर उरलेले खंड प्रकाशात यावेत यासाठी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई झटल्या. एका तरुणाच्या कात्रणांच्या गठ्ठ्यातून बाराएक खंडांचे चरित्र उभे राहिले. आज आंबेडकरांवर लिहिणारा कोणताही अभ्यासक त्या गठ्ठ्याचा ऋणी आहे.

१९/
प्रत्येक कागद इतिहासासाठीच असतो असे मात्र नाही. जुन्नरजवळच्या ओतूरचे डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांना महाराष्ट्र सामाजिक प्रश्नांवरचे लेखक म्हणून ओळखतो. १९८६ साली पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. दिवसभर लोकांची दुःखे ऐकणारा हा माणूस हाती कागद आला की घड्या घालू लागे. जपानी ओरिगामीतले प्राणी, पक्षी, फुले त्यांच्या बोटांतून उमलत आणि समोरच्या मुलाच्या हातात जात. 'छंदांविषयी' या पुस्तकात त्यांनी आपल्या या आणि इतर छंदांबद्दल लिहिले आहे. १९९७ मध्ये कर्करोगाने सुनंदा गेल्या. त्यानंतरही घड्या चालू राहिल्या. कागदाच्या घडीला उद्याची चिंता नसते. पुढची घडी नीट पडली पाहिजे, एवढेच ती मागते.

२०/
आता पुन्हा महाड. सावित्री आणि गांधारी यांच्या काठचे हे शहर पुराला नवे नाही, परंतु जुलै २०२१ चा पूर फार वेगळा होता. २२ जुलैला शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाणी ओसरल्यावर घरांतून चिखल निघाला. अशा चिखलात भांडी धुऊन निघतात, कपडे वाळतात, धान्य पुन्हा आणता येते. लग्नाचे आल्बम, मुलांच्या वह्या, गेलेल्या माणसाच्या हातची पत्रे पुन्हा आणता येत नाहीत. पंचनाम्यात त्यांना रकाना नसतो आणि त्यांची भरपाईही नसते.

२१/
तरीही भिजलेला कागद म्हणजे संपलेला कागद नव्हे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील असंख्य पुस्तके चिखलात गेली. देशोदेशींच्या तरुणांनी रांगा करून ती हातोहात बाहेर काढली. 'चिखलातले देवदूत' हे नाव त्यांना तेव्हाच मिळाले. त्या अनुभवातून शिकलेल्या गोष्टी घरीही करता येतात. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. उन्हात वाळवू नये, सावलीत वारा द्यावा. पानांमध्ये कोरा, पाणी टिपणारा कागद घालून तो वरचेवर बदलावा. भिजलेली छायाचित्रे स्वच्छ पाण्यातून हलकेच काढून, चित्राची बाजू वर ठेवून सुकवावीत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात सारे उरकणार नसेल, तर वही पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. गोठलेला कागद वाट पाहू शकतो.

२२/
शिवथरच्या घळीत आजही पावसाळ्यात पाणी पाझरते आणि भिंती ओल्या होतात. ज्या समासात कात्री आणि खळीची यादी आहे, तो त्या ओलीतून निघाला आणि पुढे डोमगावच्या मठात, धुळ्याच्या संग्रहात, घरोघरच्या पोथ्यांत टिकला, कारण कोणी ना कोणी त्याची पुन्हा प्रत केली. वलंगकरांचे लेखन, मोऱ्यांचे पत्र, खैरमोड्यांची कात्रणे यांना तसे मेणकापड वाट्याला आले नव्हते. ती टिकली ती माणसांच्या हट्टामुळे. आज कागद प्रत्येक घरात आहे आणि अक्षरही. म्हणून आजीची चिकटवही, आजोबांचे कारखान्यातले ओळखपत्र, कोणाच्या हातची पाककृती, पहिल्या शाळेचा निकाल यांना एखाद्या वहीत जागा मिळावी. प्रत्येक तुकड्याखाली नाव, गाव आणि तारीख लिहावी. अक्षर फार बारीक नसावे, म्हणजे म्हातारपणी वाचता येईल. आणि कडेला समास सोडावा. काळ येतो तो कडेकडूनच येतो.